अल्बिना आत्याचं मत

माझ्या आत्याने नोविनाची शाळा बंद केली. गावात तिची ओळख करून द्यायची झाली तर लोक अजून ह्याच वाक्याने सुरुवात करतात. मग जरा थांबतात आणि म्हणतात, "पण बाई चांगली आहे हो."

तिचं नाव अल्बिना. माझ्या वडिलांची, एमिलची, ती थोरली बहीण. नेब्रास्कातल्या आमच्या भागात पणजोबांच्या पिढीतले चेक लोक बोहेमियातून आले, घोडागाड्यांनी विटा वाहिल्या आणि चर्चच्या आधी शाळा बांधली. निदान आम्ही तसं सांगतो. सतरा मैलांवरचं अल्मक्विस्ट हे स्वीडिश लोकांचं गाव. त्यांनी म्हणे आधी चर्च बांधलं, मग त्यात पुढच्या बाकावर कोण बसणार यावरून भांडून दुसरं चर्च बांधलं. हेही आम्हीच सांगतो. त्यांच्या गावात आमच्याबद्दल काय सांगतात ते मी पुढे त्यांच्याच शाळेत शिकले.

आत्या लहान असताना शेताशेतांत एकखोली शाळा असायच्या. त्यांना नावं नव्हती, नंबर होते. आत्या जायची ती एक्केचाळीस नंबरची शाळा माझ्या आजोबांच्या, वाक्लावच्या, शेताच्या कोपऱ्यावर उभी होती. जागा आजोबांनी दिलेली, हिवाळ्यात शेगडीला कोळसा आजोबांचा आणि शिकवणाऱ्या बाईंची राहण्या-जेवण्याची सोय आजीकडे. आत्या तिसरीत असताना ठरलं की आता पोरं उरली नाहीत, एक्केचाळीस नंबर नोविनाच्या शाळेत विलीन करायचं. आजोबा सभेत जाऊन भांडले आणि हरले. घरी येऊन टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "पोरं जातील, कायदाच आहे तसा. मी त्या इमारतीत पाय ठेवणार नाही."

आजोबा शब्दाचे पक्के. नाताळची नाटकं झाली, बक्षीससमारंभ झाले, बाबा फुटबॉलच्या संघात निवडले गेले. आजोबांनी पाय ठेवला नाही. आत्या बारावीला पहिली आली. पहिल्या येणाऱ्या मुलीने समारंभात भाषण करायचं असतं. त्या दिवशी आजी एकटीच गेली. आत्या घरी आली ती तशीच, पांढऱ्या झग्यात, गोठ्यात गेली. आजोबा धार काढत बसले होते. तिने भाषणाचे कागद उघडले आणि पहिल्यापासून वाचायला लागली.

"बाजूला हो," आजोबा म्हणाले. "गाय बिचकतेय."

ती बाजूला झाली आणि पुढे वाचत राहिली. हे मला सांगताना ती हसायची. म्हणायची, "भाषण लांब होतं गं. गाईचं दूध केव्हाच संपलं होतं, पण ते उठले नाहीत. रिकामे सड ओढत बसले होते बिचारे. ती गायसुद्धा शेवटी वळून त्यांच्याकडे बघायला लागली."

पुढे तिने लुडविक झवादिलशी लग्न केलं. काका पवनचक्क्या आणि विहिरीचे पंप दुरुस्त करायचे आणि दिवसाला साधारण दहा वाक्यं बोलायचे. त्यांना मूल झालं नाही. घराच्या पुढच्या खोलीत आत्या बायकांचे केस करायची. एक आरसा, एक फिरती खुर्ची, डोक्यावर हवा सोडणारं एक यंत्र. शुक्रवारी तर रांग लागायची, कारण रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावरच्यांना पुढच्यांची डोकीच दिसतात. त्या खुर्चीत गावाच्या सगळ्या गोष्टी तिच्या कानावर यायच्या आणि तिथंच राहायच्या. म्हणूनच शाळेच्या मंडळाच्या निवडणुकीत बायकांनी तिला उभं केलं. तिने घरोघर जाऊन एवढंच सांगितलं, "शाळा राहील." तिला सगळ्यांत जास्त मतं पडली.

पण ती एकोणीसशे ऐंशीनंतरची वर्षं होती. गावातलं ट्रॅक्टरचं दुकान बंद झालं, मग बँक गेली, मग डॉक्टर गेला. शेतांवरची घरं एकेक करून अंधारी व्हायला लागली. दर उन्हाळ्यानंतर शाळेत दोन-चार पोरं कमी दिसायची. तेवढ्यात अल्मक्विस्टच्या मंडळाकडून विचारणा आली: दोन्ही गावांची मिळून एक शाळा करू. इमारत त्यांची, कारण ती नवी आणि मोठी. मंडळात खुर्च्या मात्र निम्म्या-निम्म्या.

आमच्या गावाने ही विचारणा हसण्यावारी नेली. आत्याने नेली नाही. तिने एक आठवडा केसांचं काम बंद ठेवलं आणि रोज शाळेत येऊन मागच्या बाकावर बसली. मी तेव्हा नववीत होते. आमच्या वर्गात तिघं. पैकी बीजगणित घेतलेली मी एकटी. शिकवायला स्वयंपाक-शिवणाच्या बाई. त्या बिचाऱ्या आदल्या दिवशी स्वतः धडा शिकून यायच्या आणि अडलं की आम्ही दोघी मिळून पुस्तकाची शेवटची पानं बघायचो. रसायनाचे प्रयोग आम्ही चित्रांत बघितले. मुलांच्या फुटबॉल संघात आठ जण होते, त्यातल्या एकाचा पाय मोडलेला.

शुक्रवारी आत्या मला घरी सोडायला निघाली. गाडीत तिने विचारलं, "तुला कशी वाटते गं शाळा?"

"छान आहे," मी म्हणाले. आणि खरंच छान होती. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना माझ्या मांजराचं नाव माहीत होतं.

"गणितात पहिली आलीस म्हणे."

"हो. आणि शेवटचीही मीच आले."

ती हसली नाही. आमच्या फाटकाशी तिने गाडी थांबवली. मी उतरल्यावरसुद्धा तिची गाडी बराच वेळ तिथंच उभी होती.

नोव्हेंबरात मतदानाची सभा झाली. शाळेच्या जिममध्ये घडीच्या खुर्च्या लावल्या होत्या, त्या कमी पडल्या. लोक भिंतींना टेकून उभे. मंडळाचे सहा सभासद पुढे एका लांब टेबलामागे बसले होते. विलीनीकरण व्हायचं तर चौघांनी हो म्हणायला हवं होतं. आधी गावकरी बोलले. बाबाही बोलले. ते सभेत बोलणारे नव्हेत, त्यामुळे सगळे गप्प झाले.

"ह्या जिममध्ये मी खेळलो," बाबा म्हणाले. "माझ्या बायकोला पहिल्यांदा इथंच बघितलं. उद्या इथं कुलूप लागलं की गावात राहिलं काय? चर्च आणि दारूचा गुत्ता. दोन्हीकडे म्हातारेच जातात. शाळा गेली की गाव गेलं. एवढंच मला सांगायचंय."

टाळ्यांनी पत्रे हादरले. मग आडनावांच्या क्रमाने मतं घ्यायला सुरुवात झाली. तीन हो, दोन नाही. झवादिल शेवटी.

आत्या उभी राहिली. "मी शाळा राहील म्हणून मतं मागितली होती," ती म्हणाली. "तेव्हा तसं वाटत होतं. आता वाटत नाही. आज गेलो तर निम्म्या खुर्च्या आपल्या. तीन वर्षांनी गेलो तर पाहुणे म्हणून जाऊ, आणि पाहुण्याला घरात काय कुठं ठेवायचं ते कोणी विचारत नाही. माझं मत हो."

मग मागून कोणीतरी खुर्ची लाथाडली. बाबा टेबलापाशी गेले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं.

"तू आपल्या बापाची मुलगी नाहीस, ताई."

"त्यांचीच आहे," आत्या म्हणाली. "म्हणून तर."

बाबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते तोवर वळले होते. दारातून जाता जाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगी जाईल, कायदाच आहे. मी त्या अल्मक्विस्टच्या शाळेत पाय ठेवणार नाही."

आई माझ्या शेजारी बसली होती. तिने डोळे मिटले आणि नुसती मान हलवली.

त्या शुक्रवारी आत्याच्या पुढच्या खोलीत कोणी आलं नाही. पुढच्या शुक्रवारीही नाही. चर्चमध्ये तिच्या आणि काकांच्या दोन्ही बाजूंना बाक रिकामा राहायला लागला. वसंत ऋतूपर्यंत नोविनाच्या बायकांची डोकी बघवेनात. कोणी स्वतः कापलेले, कोणी नवऱ्याकडून कापून घेतलेले, एकीने तर मेंढ्यांची कात्री वापरली असं म्हणत. केस करायला अल्मक्विस्टला जावं तर तेही शत्रूचंच गाव. आत्या खिडकीतून बघायची आणि म्हणायची, "लुडविक, आपल्याला वाळीत टाकलंय त्याचं एक वेळ सोड. पण त्या मिसेस पोकॉर्नीची मान मागून बघितलीस?"

"बघितली," काका म्हणायचे. तेवढंच.

चर्चमधलं दरवर्षीचं बदकाचं जेवण आलं. भाजलेलं बदक, पिठाचे उकडलेले गोळे, आंबवलेला कोबी, आणि शेवटी प्रत्येक घरून आलेले कोलाचे. कोलाचे म्हणजे मऊ गोड पाव, मधल्या खळग्यात जर्दाळू नाहीतर खसखस. खसखशीचे आत्याइतके चांगले कोणी करत नसे. त्या दिवशी तिचं ताट जसं आलं तसंच टेबलावर राहिलं. मी एक उचलला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही मंडळांची अल्मक्विस्टला बैठक होती. आत्या तेच ताट घेऊन गेली आणि टेबलाच्या मध्यभागी ठेवलं. त्यांच्या मंडळावर गुन्नार एकब्लाड नावाचा उंच, लाल मानेचा शेतकरी होता. ह्याच एकब्लाडने शाळेतल्या शेवटच्या सामन्यात बाबांना असं आडवं पाडलं होतं की त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. सामना आम्ही जिंकला, पण बाबांनी हाड लक्षात ठेवलं.

"हे काळं काय आहे?" गुन्नारने विचारलं.

"खसखस. आमच्याबरोबर तुम्हाला हेही येणार आहे."

गुन्नारने एक खाल्ला, मग दुसरा. "आमच्याकडून तुम्हाला खारवून भिजवलेला मासा येईल," तो म्हणाला. "आधीच माफी मागतो."

नवीन शाळेच्या संघाच्या नावावरून मात्र माफी कोणी मागितली नाही. आम्ही नोविनाचे बैल, ते अल्मक्विस्टचे व्हायकिंग. सभांवर सभा झाल्या. बैलांनी व्हायकिंग व्हायचं नाही, व्हायकिंगांनी बैल व्हायचं नाही. शेवटी आत्याने सुचवलं की पोरांनाच विचारा. दर मार्चला आमच्या नदीवर सारस उतरतात, लाखांनी. पोरांनी सारस निवडला. त्या दिवशी बाबांनी जेवताना जाहीर केलं, "चांगला बैल होता, त्याचा बगळा केला."

उन्हाळा संपत आला तेव्हा नवी अडचण निघाली. नोविनाची पोरं अल्मक्विस्टला न्यायला बस होती, पण चालवायला माणूस मिळेना. गावातला कोणीही ती बस चालवायला तयार नव्हता. चालवणं म्हणजे मान्य करणं. अल्मक्विस्टचा एक जण तयार होता, पण आमच्या आया म्हणाल्या, आमची पोरं आम्ही त्या गावच्या माणसाच्या हाती देणार नाही. मंडळावरच्या माणसाला शाळेची नोकरी करता येत नाही. आत्याने मंडळाचा राजीनामा दिला आणि बस शिकायला गेली. जिच्यासाठी एवढं सोसलं ती खुर्ची तिने एका उन्हाळ्यात सोडून दिली. आईने तिला फोनवर विचारलं, "अल्बिना, तुला वेड लागलंय का?"

"लोकांनी मला शाळा बंद करणारी म्हणून शिव्या दिल्या ते ठीक आहे," आत्या म्हणाली. "पण पोरं पोहोचलीच नाहीत तर शिव्या खाल्ल्याचा उपयोग काय?"

पहिल्या सकाळी आम्ही सगळे बसमध्ये मेल्यासारखे बसलो होतो. आत्याने आरशातून आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अंत्ययात्रेला ह्याच्यापेक्षा जास्त बोलतात लोक. कोणी भांडा तरी." मग कोणीतरी कोणाचा तरी डबा लपवला आणि बस सुरू झाली.

अल्मक्विस्टला पहिले काही महिने वाईट गेले. आम्हाला ते 'खसखस' म्हणायचे, आम्ही त्यांना 'मासे'. पण माझ्या गणिताच्या वर्गात सतरा जण होते आणि शिकवणारा माणूस फक्त गणितच शिकवायचा. पहिल्या परीक्षेत मी चौथी आले. घरी कोणाला सांगायच्या आधी मी बसमध्ये चढताना आत्याला सांगितलं.

"चौथी?" ती म्हणाली. "म्हणजे तुझ्या पुढे तिघं आहेत?"

"हो."

"वा," ती म्हणाली आणि गिअर टाकला. ती एवढी खूश झालेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

आमच्या फाटकाशी ती रोज सकाळी दार उघडायची. बाबा अंगणात काहीतरी करत असायचे. आमच्याकडे रस्त्यात समोरून गाडी आली की नमस्कार म्हणून स्टीअरिंगवरचं एक बोट उचलायचं असतं, अनोळखी माणसासाठीसुद्धा. आत्या रोज बोट उचलायची. बाबा पाठ फिरवायचे. आई दारात उभी राहून दोघांकडे बघायची आणि आत जायची. पण हिवाळ्यात एका शनिवारी आई डोक्याला रुमाल बांधून आत्याकडे गेली आणि संध्याकाळी केस करून आली. बाबांनी बघितलं. पुढच्या शुक्रवारी मिसेस पोकॉर्नी गेल्या. मग हळूहळू रांग लागली. बायकांना आत्या पटली होती असं नाही, पण ईस्टर जवळ आला होता.

बाबा मात्र बधले नाहीत. माझी बारावी आली. समारंभ मेमधल्या एका शनिवारी दुपारी होता. मका पेरायचे दिवस. सकाळी नाश्त्याला बाबा म्हणाले, "पाऊस येणार आहे. आज तो खालचा तुकडा पेरून घेतला पाहिजे." आईने कपबशी जरा जोरात ठेवली. मला रडू आलं नाही. मला ते अपेक्षितच होतं, आणि अपेक्षित गोष्टीचं रडू जरा उशिरा येतं.

आई पुढे गाडीने गेली. नोविनाचे आम्ही तिघं काळे झगे आणि चपट्या टोप्या घालून आत्याच्या बसने निघालो. आमच्या खालच्या शेताशी बस आली तेव्हा आत्याने ती रस्त्यावरून उतरवली, शेताच्या कडेकडेने नेली आणि ज्या जागी बाबा ट्रॅक्टर वळवत त्या जागी आडवी उभी केली. ट्रॅक्टर आला आणि थांबला. बाबा खाली उतरले. आत्याने दार उघडलं. बाबा तिच्याशी साडेतीन वर्षांनी बोलत होते.

"ताई, बस बाजूला घे."

"घेते. आत बस."

"मी त्या शाळेत पाय ठेवणार नाही. माहीत आहे तुला."

"तुला शाळेत कोण बोलावतंय? बसमध्ये बस म्हणते. बस काही अल्मक्विस्टची नाही, रोज माझ्या अंगणात उभी असते. बाहेर लावते, खिडक्या उघडते. त्यांच्याकडे भोंगा आहे. पोरीचं नाव ऐकू येईल."

"माझे कपडे बघ."

"बघितले. बसमध्ये याहून घाण गोष्टी येऊन गेल्यात."

मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला आणि लगेच गप्प झाला. बाबांनी वर बघितलं. मी खिडकीत टोपी सावरत बसले होते.

"पाऊस..." बाबा म्हणाले.

"ढग गेले पूर्वेला. मी सकाळपासून बघतेय."

बाबा चढले. कोणाकडे न बघता पार मागे गेले आणि दंगेखोर पोरांच्या शेवटच्या बाकावर बसले.

त्यानंतरचं मला गुन्नार एकब्लाडने सांगितलं, आणि दर वेळी थोडं वाढवून सांगितलं. आम्ही आत गेलो. आत्या बाबांबरोबर बसमध्येच थांबली. जरा वेळाने गुन्नार थर्मास आणि कागदी पेले घेऊन बसमध्ये चढला.

"खांदा कसा आहे?" त्याने विचारलं.

"पावसाचं सांगतो," बाबा म्हणाले. "रेडिओपेक्षा बरा."

गुन्नारने कॉफी ओतली. बाबांनी एक घोट घेतला. "ही कॉफी आहे होय? मला वाटलं पेला विसळून दिलास."

"तुमच्या गावची कॉफी आम्ही रस्त्याच्या खड्ड्यांत ओततो," गुन्नार म्हणाला. "घे अजून."

बाबांनी घेतली. दोघांनी त्या जुन्या सामन्याचा विषय काढला. गुन्नारच्या मते तो धक्का नियमात बसत होता. बाबांच्या मते नियम स्वीडिश भाषेत असतील तर बसत असेल. पेले भरत राहिले. आतून शाळाप्रमुखांचं भाषण भोंग्यातून ऐकू येत होतं. ते संपेना. बाबा बाकावर चुळबुळ करायला लागले.

"इथं जवळपास एखादं झाड आहे का?"

"झाडं आहेत," आत्या म्हणाली. "पण ह्यांनी तीही ओळीत लावलीत. चारी बाजूंनी दिसतं."

"संडास आत आहे," गुन्नार म्हणाला. "डाव्या हाताला, दुसरं दार."

बाबांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "हे तुम्ही दोघांनी ठरवून केलंय."

"कॉफी मी पाजली का?" आत्या म्हणाली. "तुझी तू प्यायलास."

बाबा आणखी थोडा वेळ बसले. आजोबांची जिद्द त्यांच्यात होती, पण आजोबांना कोणी चार पेले पातळ कॉफी पाजली नव्हती. शेवटी ते उतरले आणि पेरणीच्या बुटांनी, चिखल सांडत, अल्मक्विस्टच्या शाळेत गेले.

परतताना ते कॉरिडॉरमधल्या काचेच्या कपाटाशी थांबले. दोन्ही गावांचे चषक त्यात सालवार लावले होते, एकमेकांत मिसळून. गुन्नार म्हणतो, मंडळावर असताना आत्या याच एका गोष्टीसाठी सगळ्यांत जास्त भांडली होती. बाबांच्या शेवटच्या वर्षीचा चषक तिथं होता आणि शेजारी त्यांच्या संघाचा फोटो. झोळी बांधून हात गळ्यात अडकवलेला मुलगा म्हणजे बाबा. फोटोची काच पुसून लख्ख केलेली. बाबा बघत उभे राहिले. तेवढ्यात भोंग्यातून 'ह' अक्षराची नावं सुरू झाली.

मी व्यासपीठावर चढले. "मार्ला हलावाच," असं म्हटलं गेलं. हात पुढे केला आणि समोर बघितलं, तर जिमच्या मागच्या दारात बाबा उभे. हातात टोपी, पायाखाली चिखलाचं लहानसं तळं. त्यांच्या खांद्यावर, मोडलेल्या बाजूला, गुन्नारचा हात होता. त्यांच्यामागे टाचा उंचावून आत्या बघत होती. ती तेवढी उंच नाही.

समारंभ संपल्यावर आईने त्यांना गाठलं. मला वाटलं ती काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, "एमिल, बूट तरी पुसायचेस."

परतीच्या वाटेवर बाबा बसमध्ये पुढे, आत्याच्या मागच्या बाकावर बसले. बराच वेळ रस्ता बघत राहिले. मग म्हणाले, "आरसा चुकीचा लावलायस तू."

"तीन वर्षं ह्याच आरशात सगळं दिसतंय मला."

"आणि हा रस्ता का घेतेस? पुलावरून गेलं तर जवळ पडतं."

"पुलाच्या रस्त्याला बर्फ साचतो."

"मे महिना आहे, ताई."

"मग तू चालव."

नोविनापर्यंत ते भांडत होते. आम्ही पोरं मागे हळूच बोलत होतो, त्यांचं भांडण मोडू नये म्हणून.

गाव मात्र बाबा म्हणाले तसंच ओसरत गेलं. आत्यालाही ते माहीत होतं. गुत्ता बंद झाला. शाळेची इमारत आधी बियाणांचं कोठार झाली, मग छत गळायला लागल्यावर पाडली. पाडताना आत्या बघायला गेली होती. लोकांनी तिला वाट करून दिली. ती शेवटपर्यंत उभी राहिली. घरी येऊन, काका म्हणतात, दोन दिवस तिने केसांची कामं रद्द केली. तिला त्या मताचा पश्चात्ताप झाला का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "नाही. पण वाईट वाटायला पश्चात्तापच लागतो असं कुठं आहे?"

बाबा सारसांचे सगळ्यांत मोठ्या आवाजाचे पाठीराखे झाले. एकही सामना चुकवायचे नाहीत. पाठीवर गुन्नारच्या गाडीतली गोधडी, हातात त्याचीच कॉफी. वीसेक वर्षांनी अल्मक्विस्टचीही पोरं कमी झाली आणि त्या शाळेचं वॉर्डवेलच्या शाळेत विलीनीकरण निघालं. तेव्हा सभेत सगळ्यांत जास्त वेळ बाबा बोलले. "आमची शाळा" असं त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की गुन्नार गालातल्या गालात हसायला लागला. आत्या शेजारी बसून त्यांच्या कोटाची बाही ओढत होती, "पुरे आता, एमिल." विलीनीकरण झालंच.

त्या उन्हाळ्यात अल्मक्विस्टहून एक तरुण बाई आत्याकडे आली. नवीन बस तिला चालवायची होती आणि तिच्या गावात आता तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. आत्याने तिला खुर्चीत बसवलं आणि बोलता बोलता तिचे केसही कापले.

"पहिलं वर्ष कसं काढलंत तुम्ही?" बाईने विचारलं.

"हीटर लवकर सुरू करायचा," आत्या म्हणाली. "पोरं गारठली की चिडतात, आणि चिडलेली पोरं घरी जाऊन बोलतात. मागच्या बाकावर कधीही जोडीने भावंडं बसवायची नाहीत. आणि मान खाली करा जरा, कानामागे राहिलंय."

बाईला ते पुरेसं वाटलं नसावं. ती उठेना. तेव्हा आत्या म्हणाली, "बरं, पहिल्या दिवशी मी येते."

आणि ती गेली. सकाळी काकांनी तिला अल्मक्विस्टला सोडलं. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर ती स्वेटर घालून बसली. बस सुटताच तिने आरसा कसा हवा ते सांगितलं, क्लच हळू सोड म्हणाली, पुढच्या फाटकाशी कुत्रं असतं असंही सांगितलं. पोरं तिच्याकडे टकामका बघत होती. वॉर्डवेलचा रस्ता सरळ आहे आणि बसमध्ये छान ऊब होती. दुसरं वळण यायच्या आतच तिला झोप लागली.